शेजारचा मुलगा दोन वर्षं मिशनवर जपानला चाललाय. ही पोरं तिथे दिवसभर करतात तरी काय?

नवखा_युटाकर

नमस्कार मंडळी. नोकरीमुळे गेल्या वर्षी अमेरिकेतल्या युटा राज्यात आलो, लीहाय गावात राहतो. आमच्या गल्लीतली जवळजवळ सगळी घरं एलडीएस चर्चची, म्हणजे आपण ज्याला मॉर्मन म्हणतो त्या ख्रिस्ती पंथाची. शेजार एक नंबर. हिवाळ्यात आम्ही उठायच्या आत दारातला बर्फ कुणीतरी साफ करून गेलेलं असतं, आणि कोण ते विचारलं तर कुणी कबूल होत नाही.

परवा शेजारीण सांगत आली, थोरल्याला मिशनचा कॉल, म्हणजे धर्मप्रसाराला जायचं चर्चचं बोलावणं आलंय, जपान, सप्पोरो. मुलगा नुकताच अठरा पूर्ण. बाई एकीकडे हसत होती, एकीकडे डोळे पुसत होती. पुढच्या महिन्यात एका रविवारी चर्चमध्ये त्याचं निरोपाचं भाषण आहे, त्याला आम्हाला बोलावलंय. मी तोंडभरून अभिनंदन केलं, पण कशाचं अभिनंदन करतोय ते मला नीट माहीत नाही.

तर जाणकारांनी प्रकाश टाकावा. यांना पगार असतो का? देश स्वतः निवडतात का? कायम जोडीनेच का फिरतात? घरी फोनसुद्धा करू देत नाहीत असं ऑफिसात कुणी म्हणालं, ते खरं का? आणि त्या भाषणाला जाताना हातात काय न्यायचं?

अजून एक. आमच्याही दारावर काळा बिल्ला लावलेल्या दोन मुली येतात. बायकोला तोंडावर नाही म्हणवत नाही, ती म्हणते, 'पुढच्या आठवड्यात या.' त्या बरोबर पुढच्या आठवड्यात येतात. मग आम्ही दिवे घालवून स्वयंपाकघरात बसतो. यावर सभ्य उपाय काय?

वासाचची_आई

आधी माझी ओळख, म्हणजे कुठल्या खिडकीतून बघतेय ते कळेल. मी हिंदू, घरात देव्हारा आहे, रोज दिवा लावते. नवरा इथलाच, पिढ्यान्‌पिढ्या एलडीएस. मी धर्म बदलणार नाही आणि मुलं मोठी झाली की आपापलं ठरवतील, हे लग्नाच्या वेळीच ठरलं होतं. मुलीने चर्चमध्ये फारसा रस घेतला नाही. धाकट्याने मात्र कॉलेजच्या आधी मिशनला जायचं हे केव्हाच ठरवून टाकलं होतं, आणि त्याच्याही नशिबी होक्काइदोच आलं, म्हणजे सप्पोरो ज्या बेटावर आहे तेच. त्यामुळे हे जे लिहितेय ते आईच्या बाजूने, चर्चच्या बाजूने नव्हे.

पगार? छे हो, उलट आपणच भरायचे. अमेरिकेतून जाणाऱ्याला महिन्याला ५०० डॉलर, २०२० च्या जुलैपर्यंत ४०० होते. दोन वर्षांचे बारा हजार झाले. मुलगा जपानला जावो नाहीतर पेरूला, आकडा तोच, कारण सगळ्यांचे पैसे एका ठिकाणी जमा होतात आणि जिथे जसा खर्च तसे वाटले जातात. पूर्वी तसं नव्हतं. माझ्या नवऱ्याच्या काकांच्या वेळी ज्याच्या वाट्याला महागडा देश यायचा त्याच्या घरच्यांचं कंबरडं मोडायचं. नव्वदच्या सुमाराला ही समान पद्धत आली. आमच्या चिरंजीवांनी त्यातला बराच हिस्सा बर्गरच्या दुकानात फ्रायर घासून जमवला होता, हे मात्र कौतुकाने सांगते.

देश निवडता येत नाही. अर्ज, बिशपची म्हणजे आपल्या मंडळीच्या प्रमुखाची मुलाखत, मग स्टेक प्रेसिडेंटची, म्हणजे अशा अनेक मंडळ्यांच्या वरच्या प्रमुखाची मुलाखत, डॉक्टरची तपासणी, दातांची तपासणी. परदेशात ऐन वेळी कुठे धावाधाव करणार म्हणून अक्कलदाढा बहुतेक जण आधीच काढून घेतात. युटात उन्हाळ्यात दोन्ही गाल सुजलेला अठरा वर्षांचा मुलगा दिसला की बायका लगेच विचारतात, 'कुठला कॉल आला?' सॉल्ट लेकला चर्चच्या मुख्यालयात बारा प्रेषितांपैकी (चर्चच्या वरिष्ठ नेत्यांना प्रेषित म्हणतात) एक जण अर्ज बघून ठिकाण ठरवतो. पूर्वी पोस्टाने मोठं पांढरं पाकीट यायचं, २०१८ च्या अखेरीपासून ते ऑनलाइन उघडतं. उघडताना आजी-आजोबा, मावश्या, मित्र सगळे दिवाणखान्यात जमतात आणि कुठला देश यावर पैजा लागतात. मुलगे दोन वर्षांसाठी जातात, मुली दीड वर्षासाठी. २०१२ पर्यंत मुलग्यांना १९ आणि मुलींना २१ ची अट होती. ती खाली आल्यावर एकाच वर्षात संख्या ५८ हजारांवरून ८० हजारांच्या वर गेली.

जायच्या आदल्या संध्याकाळी स्टेक प्रेसिडेंट डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो, आणि त्या क्षणापासून मुलगा मिशनरी. नियम लागू. मग इथलंच, युटातल्या प्रोव्होचं प्रशिक्षण केंद्र. जपानी शिकणाऱ्यांना साधारण नऊ आठवडे, त्यातला सुरुवातीचा थोडा भाग आता घरी बसून ऑनलाइन होतो. केंद्राच्या दारात निरोप कसा, तर गाडी थांबवा, बॅगा उतरवा, मिठी मारा, निघा. मागे पुढची गाडी उभीच. मला आधी राग आला होता. पण तासभर रडत बसायची सोय ठेवली असती तर निम्मे आईबाप मुलांना परत घरी घेऊन गेले असते.

आता दिवसाचं. साडेसहाला उठायचं. अर्धा तास व्यायाम, मग आंघोळ, नाश्ता, एकट्याचा अभ्यास, जोडीदाराबरोबरचा अभ्यास, भाषेचा अभ्यास. दहाच्या सुमाराला बाहेर. रात्री नऊ-साडेनऊला खोलीवर, साडेदहाला दिवे बंद. २०१७ पासून वेळापत्रकात देशाप्रमाणे थोडं मागेपुढे करायची मुभा आहे, तरी साचा हाच. सिनेमे नाहीत, मालिका नाहीत, गेम नाहीत, मैत्रीण तर नाहीच. मागे राहिलेल्या मैत्रिणीचं दुसरीकडे लग्न ठरल्याची बातमी येणं हा इतका नेहमीचा प्रकार आहे की पोरं त्यावर विनोद करतात.

आठवड्यातला एक दिवस, बहुतेक ठिकाणी सोमवार, त्यांचा 'पी-डे', म्हणजे तयारीचा दिवस. कपडे धुवा, केस कापा, किराणा आणा, घरी बोला. तुमच्या ऑफिसातल्या माणसाची माहिती जुनी आहे. पूर्वी खरोखरच वर्षातून दोनदा फोन असायचा, ख्रिसमस आणि मदर्स डे. २०१९ च्या फेब्रुवारीपासून दर आठवड्याला व्हिडिओवर बोलता येतं. होक्काइदोतली सोमवार सकाळ म्हणजे आमची रविवार संध्याकाळ. त्या वेळेला आमच्याकडे कुणाला जेवायला बोलवायचं नाही, हा माझा कायदा होता.

जोडीने का फिरतात? बायबलातही येशू शिष्यांना दोघादोघांनी पाठवतो. शिवाय सुरक्षितता, आणि स्पष्टच बोलायचं तर एकमेकांवर नजर. बाथरूम सोडून कुठेही एकटं राहायचं नाही, दुसरा कायम दिसला पाहिजे, त्याचा आवाज ऐकू आला पाहिजे. जोडीदार मिशन प्रेसिडेंट, म्हणजे त्या भागातल्या मिशनरींचा प्रमुख ठरवतो. दर सहा आठवड्यांनी बदल्या जाहीर होतात, कधी जोडीदार बदलतो, कधी गाव, कधी दोन्ही. लोक म्हणतात दारं तोंडावर बंद होतात ते सगळ्यात कठीण. माझ्या मुलाला विचाराल तर जोडीदार. स्वतःच्या वेगळ्या खोलीत वाढलेला मुलगा आणि एकदम चोवीस तास एक अनोळखी माणूस.

त्याचा एक जोडीदार आयडाहोतल्या बटाट्याच्या शेतावरचा. सायकलवर बसला की सुसाट सुटायचा, मागे वळून बघणं नाही. आमचा मागून धापा टाकत, चढावर उभा राहून पेडल मारतोय, सिग्नलला तो पुढे, हा अलीकडे अडकलेला. असे आठवडेच्या आठवडे. यांच्यात एक पद्धत आहे, आठवड्यातून एकदा समोरासमोर बसायचं आणि काय खुपतंय ते एकमेकांना सांगायचं. एका बैठकीत आमच्याने धीर करून सांगितलं, 'तू मागे बघत नाहीस.' तो म्हणाला, 'तू भाताची वाटी पाण्यात ठेवत नाहीस. सकाळी उठून वाळलेला भात मी खरवडतो, रोज.' दोघंही गप्प. दुसऱ्या दिवसापासून आयडाहोवाला मागे आणि आमचा पुढे. वाटीचं काय झालं ते मी विचारलं नाही, पण परत आल्यापासून घरात कुठलंही भांडं सिंकमध्ये कोरडं पडलेलं दिसत नाही.

पहिले काही आठवडे वाईटच जातात. प्रोव्होतल्या वर्गात शिकलेली जपानी आणि बसस्टॉपवरच्या आजोबांची जपानी यांची गाठ पडत नाही. सगळं कळल्यासारखं मान डोलवायची आणि रात्री वहीत शब्द शोधायचे. चर्चने त्यांना ताणावर एक पुस्तिका दिलेली असते, त्यात हिरवा, पिवळा, केशरी, लाल अशा पायऱ्या आहेत, आज आपण कुठे आहोत ते ओळखायचं आणि मग काय करायचं ते त्यात लिहिलेलं. व्हिडिओवर मी 'कसा आहेस' विचारलं की उत्तर यायचं, 'आज पिवळा, आई.' केशरी म्हणाला की माझी रात्रीची झोप गेली. काही मुलं मध्येच परत येतात, तब्येतीमुळे किंवा मनाने खचून. पूर्वी अशा मुलांकडे गावात वळून बघायचे. आता समुपदेशक असतात, घरी राहून समाजसेवेचं मिशन पुरं करायची सोय आहे. बघणारे अजूनही बघतात, पण कमी झाले.

आता तुमच्या पडद्यामागच्या नाटकाचं. तुमच्या घरच्यांना सांगा, त्या मुलींना सरळ नाही म्हणा. हसून म्हणा, पण नाही म्हणा. 'पुढच्या आठवड्यात या' म्हटलं की त्यांच्या डायरीत तुमचं नाव चढतं, त्या तुमच्यासाठी तयारी करतात, प्रार्थनेतसुद्धा तुमचं नाव घेतात, आणि बसने किंवा चालत तुमच्या बंद दिव्यांपर्यंत येतात. हे मी ऐकीव सांगत नाहीये. जपानमध्ये तोंडावर नाही म्हणण्याची रीत नाही, तिथे माझ्या मुलाने दोन वर्षं याच 'पुढच्या आठवड्यात'वर काढली.

बर्फात_बिऱ्हाड

ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून हसू आलं, कारण मी सप्पोरोत राहतो आणि त्या 'पुढच्या आठवड्या'ची दुसरी बाजू रोज बघतो. इथला माणूस नकार देताना मान तिरकी करतो, दातांतून हळूच हवा आत ओढतो आणि म्हणतो, 'हो, जरा विचार करून बघतो.' जपानी माणसाला तिथेच कळतं की विषय संपला. बिचाऱ्या एल्डरला (मिशनवरच्या मुलांना एल्डर म्हणतात) वाटतं, हा विचार करणार आहे!

शेजारच्या मुलासाठी थोडी इथली माहिती देतो. सप्पोरो वीस लाखांच्या आसपासचं शहर आहे आणि दर हिवाळ्यात सरासरी पावणेपाच मीटर बर्फ पडतो. सायकली तेव्हा गुंडाळून ठेवायच्या आणि चालायचं. तिकडे आसाहिकावाला बदली झाली तर आणखी मजा. जपानमधलं सर्वात कमी तापमान, उणे ४१, तिथेच १९०२ च्या जानेवारीत नोंदलं गेलंय. हल्ली इतकं उतरत नाही, पण नाकातले केस गोठतात हे नक्की. चौकाचौकात खडीच्या पिशव्या भरलेल्या पेट्या असतात, निसरड्या जागी आपणच पिशवी फोडून खडी पसरायची. काळ्या ओव्हरकोटातले दोन गोरे पोरगे पादचारी पट्टीवर खडी पसरतायत आणि मागून एक आजी काठी टेकत येतेय, हे दृश्य मी आमच्याच चौकात पाहिलंय.

इथल्या जुन्या घरांना मुख्य दाराच्या बाहेर काचेची एक छोटी खोली असते, वारा-बर्फ अडवायला. माझी शेजारीण, ऐंशीच्या पुढची, इंटरकॉमवर यांना 'नको' सांगते, पण त्या काचेच्या खोलीत उभं राहू देते. दोघं आत येतात, टोप्या झटकतात, हातमोजे काढून बोटांवर फुंकर मारतात, आजीला वाकून नमस्कार करतात आणि जातात. एकदा तिने बाहेर येऊन ग्रीन टीचे कप दिले. पोरं लालबुंद. चहा त्यांना चालत नाही, काळा नाही, हिरवाही नाही. आता आजी भाजलेल्या जवाचं गरम पाणी देते, इकडे त्याला मुगीचा म्हणतात. त्यात चहाचं पान नसतं, त्यामुळे चालतं. धर्माबद्दल तिच्याशी एक अक्षर बोलायची त्यांना परवानगी नाही, ती तिने दिलेली नाही. बर्फ मात्र तिचा तेच काढतात.

दारावर लोक धास्तावलेले असतात त्याला कारण आहे. १९९५ साली ओम शिनरिक्यो पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन वायू सोडला, तेव्हापासून 'नवीन धर्म' म्हटलं की दार बंद. मग जुलै २०२२ मध्ये शिंझो आबेंची हत्या झाली. मारेकऱ्याची आई युनिफिकेशन चर्चला देणग्या देऊन कफल्लक झाली होती, त्याचा हा सूड. त्यानंतर महिनोन्‌महिने टीव्हीवर तोच विषय. एलडीएस चर्चचा त्या पंथाशी काडीचाही संबंध नाही, पण दाराच्या कॅमेऱ्यात सूट, टाय आणि बिल्ला दिसला की फरक कोण करत बसतंय? म्हणून ही मुलं हल्ली दारं कमी ठोठावतात. फोनवरून संपर्क, आठवड्यातून एकदा चर्चमध्ये इंग्रजी संभाषणाचा फुकट वर्ग, कुणाचं सामान हलवून दे, असं जास्त. इंग्रजीच्या वर्गाला गर्दी असते. वर्ग संपल्यावर प्रार्थनेला थांबणारे दोन-चार.

तिरकस

सगळं गोड आहे, पण मला हा प्रकार पटत नाही. अठरा वर्षांच्या मुलाकडून काम करून घ्यायचं आणि वर पैसेही त्याच्याचकडून घ्यायचे. फोनला गाळणी, सोबतीला पहारेकरी, वेळापत्रक कैद्याचं. बरं, फळ काय? तुमचे हीबर ग्रँट, या चर्चचे तेव्हाचे एक प्रेषित, १९०१ साली योकोहामाला उतरले. १९२४ ला गाशा गुंडाळला. १९४८ ला पुन्हा सुरू केलं. टोकियोला १९८० मध्ये मंदिर, मग फुकुओका, सप्पोरो, ओकिनावा. सव्वाशे वर्षांच्या खटाटोपानंतर सभासद कागदावर एक लाख तीस हजारांच्या आसपास, रविवारी प्रत्यक्ष येणारे त्याहून कितीतरी कमी. देश साडेबारा कोटींचा. म्हणजे हजारात एक. एखाद्या कंपनीने हा विक्री विभाग कधीच बंद केला असता.

आणि दुसऱ्याच्या दारात जाऊन 'तुमचा धर्म अपुरा आहे' सांगणं यात सभ्य काय आहे, हेही कुणीतरी सांगा.

वासाचची_आई

तिरकस, आकडे तुमचे बरोबर आहेत, आणि हेच आकडे माझा दीर, जो स्वतः तैवानला मिशन करून आलाय, जेवणाच्या टेबलावर सांगतो. तो उघड म्हणतो की मिशनमध्ये एक धर्मांतर जवळजवळ नक्की होतं, ते म्हणजे गेलेल्या मुलाचं स्वतःचं. दोन वर्षं रोज तेच बोललास की ते तुझ्या हाडात मुरतं. चर्चला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. तुम्ही याला विक्री विभाग म्हणता, मी म्हणेन की यात माल आणि गिऱ्हाईक एकच आहे.

तुमच्या दुसऱ्या मुद्द्यावर मी तुमच्याच बाजूला आहे. तो पहिल्यांदा बिल्ला लावून आरशासमोर उभा राहिला तेव्हा माझ्या मनात आलं की हा आता लोकांच्या देवघरापर्यंत जाऊन त्यांना सांगणार, हे पुरेसं नाही. आपल्या घरात रोज दिवा लावणारी आई असून! मी त्याला ते बोलून दाखवलं. तो म्हणाला, 'आई, मी विचारणार. ते नाही म्हणू शकतात.' तेव्हा मला हे उत्तर फार पोरकट वाटलं होतं.

मग होक्काइदोतून एका सोमवारी व्हिडिओवर म्हणाला, जपानीतला पहिला धडा पाठ झालाय, तुझ्यावर सराव करू का? मला जपानीतलं ओ की ठो कळत नाही, म्हटलं कर. जोडीदार शेजारी इस्त्री करत बसलेला. याने सुरुवात केली, मध्ये अडखळला, पुन्हा मागे जाऊन वाक्य धरलं. संपल्यावर मराठीत विचारलं, 'आई, तुला खरंच यातलं काही ऐकायचंय का कधी? इंग्रजीत?' हा सराव नव्हता, हे मला कळलं. मी म्हटलं, 'नाही रे राजा. तू बोललास तर ऐकेन, पण माझं ठरलेलं आहे.' तर तो मोकळं हसला. म्हणाला, 'थँक यू. या आठवड्यात सरळ उत्तर देणारी तू पहिली.' त्यानंतर त्याने मला कधीही विचारलं नाही, आणि आमचं बोलणं उलट जास्त मोकळं झालं. म्हणून वर इतकं ठासून लिहिलं.

कैदेबद्दल. दार उघडं असतं, निघून यायला कुणी अडवत नाही, पण अठराव्या वर्षी, सगळ्या गावाने भाषण ऐकून निरोप दिलेला असताना, निघून येणं किती जड जातं ते मी शेजारपाजारी पाहिलंय. तेव्हा तुमचं म्हणणं मी सपशेल खोडत नाही. परत आल्यावर स्टेक प्रेसिडेंटने त्याला मुक्त केलं, बिल्ला उतरला. नंतर कितीतरी दिवस दुकानात एकटा गेला की मधल्या रांगेत थबकायचा आणि मागे बघायचा, जोडीदार कुठे राहिला म्हणून. गाडीत गाणी लावायला बिचकायचा. रात्री साडेदहाला आपोआप झोप. लष्करातून आलेली मुलं अशी वागतात असं ऐकलंय.

पण हाच मुलगा आता साठीच्या माणसाशीही न घाबरता बोलतो, अनोळखी गावात बस शोधतो, आजारी माणसाजवळ गप्प बसून राहू शकतो. जायच्या आधी पिझ्झा मागवायचा फोनसुद्धा मला करायला लावायचा. हे चर्चमुळे झालं की नुसतं वय वाढल्यामुळे, ते मला सांगता येणार नाही, आणि मी ते चर्चच्या खात्यावर जमा करणारही नाही.

बर्फात बिऱ्हाडवाल्यांनो, मुगीचाबद्दल धन्यवाद. आमच्याकडे आता आशियाई दुकानातून त्याची पाकिटं येतात. माचाचं, म्हणजे ग्रीन टीच्या पुडीचं चॉकलेट चालतं की नाही यावर मात्र त्यांच्या खोलीत चार एल्डरांची रात्रभर खडाजंगी झाली होती म्हणे, निकाल लागला नाही.

नवखा_युटाकर

ताई, दादा, मनापासून आभार. तिरकस, तुमचेही, कारण ऑफिसात हेच प्रश्न मला विचारायचे होते आणि धीर होत नव्हता.

अपडेट देतो. काल त्या मुली आल्या. बायकोने दार उघडलं, हसून सांगितलं की आम्ही आमच्या धर्मात समाधानी आहोत, धडे नकोत, पण पाणी हवं असेल तर आत या. मी जिन्यावर लपून ऐकत होतो. दोघींचे चेहरे पडतील असं वाटलं, तर उलट खांदे सैल सोडून पायरीवर बसल्या. एक टोंगाची, एक टेक्सासची. टोंगाच्या मुलीने विचारलं, तुमच्या घरातून येणारा तो वास कसला, रोज येताजाता जाणवतो. फोडणीचा, दुसरं काय. बायकोने तिला हिंग हुंगायला दिला. मग पुढची वीस मिनिटं धर्म बाजूलाच राहिला.

आता राहिला एकच प्रश्न, त्या मुलाला काय द्यायचं? बायको म्हणतेय शाल.

वासाचची_आई

शाल नको. दोन मोठ्या बॅगा आणि एक हातातली, एवढ्यात दोन वर्षं बसवायची असतात, शेजारीण रोज वजनकाट्यावर बॅग ठेवून बघत असेल. लोकरीचे जाड मोजे द्या, काळे किंवा गडद निळे, भडक रंग नको. नाहीतर पाकिटात थोडे पैसे आणि एक चिठ्ठी, इथे ते कुणाला वावगं वाटत नाही. चॉकलेट न्यायचंच तर कॉफीचं किंवा दारूचं नाही ना ते वाचून घ्या.

आणि शेजारणीला हळूच विचारा, मुलाचा पाय किती मोठा आहे. जपानी दुकानांत २८ सेंटीमीटरच्या वरचे बूट मिळायची मारामार असते. मोठा असेल तर बर्फात चालतील असे बूट दोन जोड इथूनच घेऊन जाऊ दे.